जॉन स्टुअर्ट मिल : स्वातंत्र्याचा नियम आणि त्याचा अपवाद

माणसाने स्वतःच्या बुद्धीने चालावे, की एखाद्या शहाण्या व बलवान सत्ताधाऱ्याच्या आज्ञेत राहावे, हा वाद फार जुना आहे. घरात बापलेकांत तो होतो, गावच्या बैठकेत होतो, आणि देशाच्या राज्यकारभारात तर तो कधी संपतच नाही. एका बाजूस स्वातंत्र्यवादी, दुसऱ्या बाजूस सत्तावादी. एकोणिसाव्या शतकात विलायतेत या दोन बाजू दोन मित्रांच्या रूपाने समोरासमोर उभ्या राहिल्या. त्यांपैकी जॉन स्टुअर्ट मिल यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण या वादाची खरी कसोटी लागली ती लंडनच्या ग्रंथालयात नव्हे, तर आपल्यासारख्याच ऊस पिकविणाऱ्या एका बेटावर.

मिल यांचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमधील पेंटनव्हिल येथे झाला. वडील जेम्स मिल हे मोठे विद्वान, पण करड्या शिस्तीचे. मुलाला त्यांनी शाळेत घातलेच नाही. तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन, असा घरीच अभ्यास सुरू झाला. खेळ नाही, सवंगडी नाहीत. पुढे जो माणूस साऱ्या जगाला व्यक्तिस्वातंत्र्य शिकविणार होता, त्याच्या बालपणात स्वातंत्र्य असे नव्हतेच.

जेम्स मिल यांनी १८१७ साली हिंदुस्थानचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला. हिंदुस्थानचे तोंडही न पाहता लिहिलेल्या त्या ग्रंथाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या अनेक पिढ्यांना आपल्या पूर्वजांना कमी लेखण्यास शिकविले. त्याच ग्रंथामुळे त्यांना ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी मिळाली, आणि १८२३ साली सतरा वर्षांचा जॉनही लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये कारकून म्हणून लागला. तेथे त्याने ३५ वर्षे काढली. देशी संस्थानांसंबंधीचे खलिते लिहिणे हे त्याचे काम. ज्या राजांच्या गाद्यांविषयी तो लिही, ते राजे आणि त्यांची रयत त्याने कधी पाहिली नाही. त्यानेही हिंदुस्थानात पाऊल टाकले नाही.

विसाव्या वर्षी या तरुणाचे मन खचले. समाजसुधारणेची आपली सारी स्वप्ने उद्याच खरी झाली तर आपण सुखी होऊ काय, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, आणि मनाने नाही असे उत्तर दिले. कित्येक महिने तो उदास राहिला. अखेर वर्ड्‌स्वर्थच्या कवितांनी त्याला सावरले. बुद्धीला कितीही घासून लख्ख केले, तरी आतून वाढ झाली नाही तर माणूस कोरडाच राहतो, हे त्याला कळून चुकले. माणूस म्हणजे नमुन्याप्रमाणे घडविलेले यंत्र नव्हे, आपल्या अंगच्या शक्तीने चहूकडे वाढणारे झाड आहे, असा विचार त्यांनी पुढे मांडला. त्याची मुळे या दिवसांत आहेत, असे आम्हांस वाटते.

१८३१ साली मिल यांची टॉमस कार्लाइल यांच्याशी मैत्री जडली. कार्लाइल स्कॉटलंडच्या खेड्यातून आलेले, भाषा धगधगती, स्वभाव तापट. फ्रेंच राज्यक्रांतीवरील त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचे हस्तलिखित मिल यांनी वाचावयास नेले होते. १८३५ साली ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. मोलकरणीने रद्दी समजून जाळले, असे सांगतात. मिल पांढऱ्याफटक चेहऱ्याने मित्राच्या दारी गेले. कार्लाइल यांनी दोष तर दिला नाहीच, उलट त्यांचेच सांत्वन केले, आणि सारा खंड पुन्हा लिहून काढला. इतकी ती मैत्री गाढ होती.

पण विचारांच्या वाटा फुटत गेल्या. कार्लाइल यांना कारखान्यांच्या युगातील गरिबांची दैना दिसत होती. ज्याने त्याने आपले पाहावे, या तत्त्वाखाली मजूर उपाशी मरतो आणि कोणीच जबाबदार राहत नाही, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु उपाय त्यांनी वेगळा काढला. थोर पुरुष शोधावा, त्याच्या हाती सत्ता द्यावी आणि इतरांनी मुकाट्याने आज्ञा पाळावी. डोकी मोजून शहाणपण निघत नाही, असे ते मानीत. सत्तावादाचे मूळ असे पुष्कळदा करुणेतच असते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. १८४९ साली वेस्ट इंडीजमधील मुक्त झालेल्या निग्रोंविषयी त्यांनी लेख लिहिला. ते आपखुशीने राबत नसतील, तर त्यांना सक्तीने राबवावे, असा त्याचा रोख होता. मिल यांनी लगेच १८५० साली त्याला कडक उत्तर दिले. एक माणूस दुसऱ्याचा चाकर म्हणूनच जन्मास येतो, ही कल्पना त्यांनी साफ फेटाळली. त्यानंतर मैत्री उरली नाही.

१८५१ साली मिल यांनी हॅरिएट टेलर या बुद्धिमान विधवेशी विवाह केला. दोघांनी मिळून एका छोट्या ग्रंथावर वर्षानुवर्षे परिश्रम घेतले. १८५८ साली फ्रान्समधील आव्हिन्यों येथे हॅरिएटबाई वारल्या, आणि १८५९ साली तो ग्रंथ, 'ऑन लिबर्टी', त्यांच्या स्मृतीस अर्पण होऊन बाहेर पडला. त्याचा गाभा साधा आहे. एखाद्याच्या वागण्याने दुसऱ्यास अपाय होत असेल, तरच समाजाने किंवा सरकारने त्याला अडवावे. त्याच्या स्वतःच्या हितासाठी म्हणून सक्ती करू नये, समजूत घालावी. अप्रिय मताचे तोंडही बंद करू नये, कारण ते मत खरे असू शकते. आणि खोटे असले, तरी त्याच्याशी झुंजल्यावाचून आपले सत्य पोपटपंची बनते. जुलूम फक्त राजा करतो असे नाही, शेजारीपाजारी आणि लोकरूढीही करतात, हे त्यांनी बजावले.

मात्र याच ग्रंथाच्या आरंभी एक अपवाद आहे. हे स्वातंत्र्य लहान मुलांना लागू नाही, आणि मागासलेल्या समाजांनाही नाही. अशा समाजांवर सुधारणेच्या हेतूने एकतंत्री राज्य चालविणे रास्त आहे. अकबरासारखा राजा लाभला तर ते त्यांचे भाग्यच, असे मिल लिहितात. कंपनीचा अंमल जाऊ नये म्हणून १८५८ साली पार्लमेंटपुढे गेलेला अर्जही त्यांच्याच लेखणीचा. म्हणजे इंग्रजांच्या बाबतीत स्वातंत्र्यवादी असलेला हा पुरुष आपल्या पूर्वजांच्या बाबतीत सत्तावादी होता! शहाण्याने अडाण्यावर राज्य करावे, ही कार्लाइल यांचीच गोष्ट मागील दाराने आत आली होती.

१८६५ साली मिल वेस्टमिन्स्टरमधून पार्लमेंटात निवडून आले. प्रचारसभेत मजुरांनी त्यांना विचारले की, आमचा वर्ग बहुधा खोटे बोलतो असे आपण लिहिले आहे काय. त्यांनी तत्काळ होय म्हटले, आणि त्या सरळपणावर खूश होऊन मजुरांनीच टाळ्यांचा कडकडाट केला. १८६७ साली स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्यांनी दुरुस्ती सुचविली. ७३ मते अनुकूल पडली, १९६ विरुद्ध.

पण त्यांची कसोटी लागली ती जमेकात. ऑक्टोबर १८६५ मध्ये त्या बेटावरील मोरँट बे येथे गरीब काळ्या शेतकऱ्यांचा उठाव झाला. गव्हर्नर एडवर्ड आयर यांनी लष्करी कायदा पुकारला. ४३९ माणसे मारली गेली, सुमारे सहाशे स्त्रीपुरुषांना फटके बसले, हजारांवर घरे जाळली गेली. जॉर्ज विल्यम गॉर्डन हे मिश्रवंशीय विधिमंडळ सदस्य लष्करी कायदा नसलेल्या किंग्स्टनमध्ये होते. त्यांना बोटीने लष्करी कायद्याच्या हद्दीत नेले आणि लष्करी न्यायालयासमोर उभे करून २३ ऑक्टोबरला फासावर चढविले.

विलायतेत दोन तट पडले. बेट वाचविणारा वीर म्हणून कार्लाइल आयर यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या बाजूस डिकन्स, टेनिसन, रस्किन यांसारखे साहित्यिक. समोर जमेका समिती, आणि १८६६ पासून तिचे अध्यक्ष मिल. त्यांच्या बाजूस डार्विन, हक्स्ली, हर्बर्ट स्पेन्सर. मिल यांचे म्हणणे एवढेच की, गव्हर्नरने कायद्याबाहेर माणूस मारला असेल, तर त्याच्यावर खुनाचा खटला चालला पाहिजे, मग मेलेला काळा असो वा गोरा. त्यांना शिवीगाळीची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. तरी ते मागे हटले नाहीत. इंग्लंडच्या ज्यूरींनी मात्र खटले उभेच राहू दिले नाहीत. आयर यांना पुढे पेन्शन मिळाले. १८६८ च्या निवडणुकीत मिल पडले.

त्याच १८६७ साली आपल्या मॉरिशसमध्येही एक कायदा झाला. करार संपलेल्या हिंदी मजुराने छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगावा, नाहीतर भटक्या म्हणून पकडले जावे. या जाचाविरुद्ध १८७१ साली ॲडॉल्फ द प्लेव्हित्झ यांच्या मदतीने ९,४०१ जणांनी अर्ज केला, आणि १८७२ साली राजघराण्याच्या आज्ञेने चौकशी आयोग आला. आपले आजेपणजे ज्या सत्तेखाली वावरले ती सत्ताही सुधारणेचीच भाषा बोलत होती, हे विसरता येत नाही.

मे १८७३ मध्ये मिल आव्हिन्यों येथे वारले, आणि पत्नीशेजारीच त्यांना मूठमाती मिळाली. त्यांचे विचार मात्र समुद्र ओलांडून गेले होते. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा एक गरीब मुलगा, गोपाळ गणेश आगरकर, पुण्यात मिल आणि स्पेन्सर वाचून भारावून गेला. १८८२ साली आगरकर व टिळक यांना कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८८८ साली आगरकरांनी 'सुधारक' काढला आणि सरकारइतकाच रूढीचाही जुलूम उघडा केला. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाही. मिल यांचा नियम आगरकरांनी घेतला, अपवाद सोडून दिला.

आम्हांस वाटते, मिल वाचण्याची खरी रीत हीच. जमेकासाठी झगडताना मिल स्वतःदेखील आपल्या अपवादापेक्षा मोठे ठरले. तुझ्या भल्यासाठी तुझे तोंड बंद करतो, असे जेव्हा कोणी म्हणेल, मग तो राज्यकर्ता असो, समाजाचा पुढारी असो की घरातील वडीलधारा, तेव्हा त्याने आम्हांला लहान मुलांच्या यादीत का घातले, एवढे तरी विचारावयास आपण चुकू नये.