विश्लेषण : गाडगेबाबांची दारूविरोधी लढाई घरापासून का सुरू झाली?

संत गाडगेबाबा म्हटले की खराटा आणि ग्रामस्वच्छता आठवते. खराटा हाती येण्याआधी त्यांची पहिली लढाई झाली ती दारूशी, तीही स्वतःच्या अंगणात. वऱ्हाडातल्या एका शेतकरी घराचा हिशेब त्यामागे होता.

बालपणी काय घडले?

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील झिंगराजी यांना दारूचे व्यसन जडले. त्यापायी होते-नव्हते ते गेले आणि डेबूजी लहान असतानाच वडीलही गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे या आपल्या माहेरगावी आल्या. मामांकडे डेबूजी गुरे राखू लागले, शेतात राबू लागले.

दारू घरात कशी शिरत असे?

मोहाची फुले पाण्यात आंबवायची, ते भांडे चुलीवर चढवायचे आणि निघणारी वाफ गार करून दारू गाळायची, ही गावठी दारूची जुनी रीत. त्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. खर्च वाढे तो पंगतीमुळे. बारसे, लग्न, तेरवी, नवस अशा प्रसंगी भाऊबंदांना मटण आणि दारू द्यावी, असा रिवाज होता. तो मोडला तर भाऊबंद रुसत. ऐपत नसलेला माणूस मग सावकाराकडे जाई आणि कर्जापायी जमीन अडके. मामांची जमीन सावकाराच्या घशात गेलेली डेबूजींनी जवळून पाहिली.

बारशाच्या पंगतीत काय झाले?

१८९२ मध्ये डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी आलोका हिच्या बारशाला जमलेल्या नातेवाइकांना नेहमीच्या पंगतीची अपेक्षा होती. डेबूजींनी मटण आणि दारू दोन्ही टाळून गोडाचे जेवण वाढले. आज ही गोष्ट साधी वाटते. तेव्हा मात्र अडीनडीला जे भाऊबंद धावून येणार, त्यांचाच रोष पत्करायचा होता. गरीब संसारासाठी ही जोखीम लहान नव्हती.

हा विचार गावोगावी कसा गेला?

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात मातीचे गाडगे आणि खराटा. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, असा क्रम पडला. कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारत. कर्ज काढून सण का करायचा, देवाला बकरा का लागतो, दारूने कोणाचे भले झाले, याची उत्तरे समोर बसलेल्यांकडूनच काढून घेत. दारू सोडा आणि मुलांना शाळेत घाला, असा त्यांचा आग्रह असे.

लोकांनी दिलेला पैसा त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही. पूर्णाकाठी ऋणमोचन येथे घाट झाला, पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. एका पंगतीत संपणाऱ्या पैशातून वर्षानुवर्षे टिकणारे काय उभे राहू शकते, हे लोकांना डोळ्यांनी दिसले.

कायद्याचे काय?

तेव्हाच्या मुंबई राज्यात १९४९ मध्ये दारूबंदी कायदा झाला. वऱ्हाड त्या वेळी मुंबई राज्यात नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते त्यात आले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे बाबांचे निधन झाले. अमरावतीत त्यांची समाधी आहे.

तोच कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने अमरावती-अकोल्यातही लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. परदेशात घरच्या घरी बिअर बनवण्यासाठी विजेवरची भांडी सर्रास विकली जातात. इथे मात्र हातभट्टी असो की असे यंत्र, परवाना नसेल तर कारवाई होऊ शकते. पंगतीत काय वाढायचे, हे मात्र कोणताही कायदा नसताना डेबूजींनी स्वतःच्या घरी ठरवले होते.