खुपरीचा माग काढणारे डॉ. तांग

वरची पापणी उलटून पाहिली, तर आतले अस्तर गुळगुळीत आणि गुलाबी दिसायला हवे. खुपरी झालेल्या मुलाच्या पापणीत मात्र तिथे शिजलेल्या साबुदाण्यासारखे फिकट दाणे उठलेले असतात आणि अस्तर लालभडक, सुजलेले असते. डॉक्टरी भाषेत या आजाराला ट्रॅकोमा म्हणतात. दाण्यांमुळे डोळा खुपतो, गळतो, चिकट होतो; पण नजर जाते ती त्यांच्यामुळे नव्हे. लहानपणी हा संसर्ग पुन:पुन्हा होत राहिला की दाण्यांच्या जागी व्रण धरतात. व्रण आकसतात, पापणीची कड आत वळते आणि पापणीचे केस बुबुळावर घासू लागतात. प्रत्येक उघडझापीबरोबर बुबुळ खरचटते आणि वर्षानुवर्षांनी ते पांढरे पडते. हा आजार कशामुळे होतो, याचे पक्के उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाकडेच नव्हते. ते मिळवून दिले चीनमधील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. तांग फेइफान यांनी.

तांग यांचा जन्म 1897 मध्ये हुनान प्रांतातील लिलिंगचा. खुपरी तेव्हा चीनच्या खेड्यापाड्यांत सर्रास आढळे. चांगशा येथील शियांग्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते 1921 मध्ये डॉक्टर झाले. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी जंतुशास्त्राची वाट धरली. एक डॉक्टर एका वेळी एकाच रुग्णाला बरे करतो, पण रोगाचे मूळ सापडले तर हजारोंचा आजार टळतो, असा त्यामागे विचार होता. 1925 मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि हान्स झिन्सर या नामवंत जंतुशास्त्रज्ञाच्या हाताखाली काही वर्षे काम करून 1929 मध्ये मायदेशी परतले.

खुपरीचा शोध त्यावेळी वेगळ्याच वळणावर होता. 1907 मध्ये जावा बेटावर हाल्बरस्टेटर आणि प्रोवाझेक या संशोधकांना खुपरीच्या रुग्णांच्या पेशींत बारीक कणांचे पुंजके दिसले होते. पण ते कण कोणालाही प्रयोगशाळेत वाढवता आले नाहीत. पुढे 1927 मध्ये न्यूयॉर्कमध्ये काम करणारे प्रख्यात जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची यांनी एका वेगळ्याच जंतूला खुपरीचे कारण ठरवले. त्यांचा दबदबा इतका, की अनेकांना शोध संपल्यासारखाच वाटला.

तांग यांनी मात्र शांघायमध्ये तो जंतू तपासायला घेतला. रुग्णांच्या डोळ्यांत तो काही सापडेना. अखेर त्यांनी नोगुचींचा जंतू स्वतःच्याच डोळ्यात घातला. खुपरी झाली नाही. नोगुचींचा दावा चुकीचा होता, हे सिद्ध झाले. खरे कारण मात्र अजून अंधारातच होते.

इतक्यात युद्ध पेटले आणि तांग यांचे संशोधन बाजूला पडले. साथरोग प्रतिबंधक संस्थेची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि ती संस्था त्यांनी दूरच्या कुनमिंग शहरात नव्याने उभी केली. जेमतेम साधनांत तिथे लसी तयार होत, पुढे पेनिसिलिनही बनू लागले. 1949 नंतर चीनमध्ये सत्ता बदलली. तांग देशातच राहिले आणि बीजिंगमधील लसनिर्मितीचे काम सांभाळू लागले.

1954 मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ते पुन्हा खुपरीकडे वळले. बीजिंगच्या तोंगरेन रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञ डॉ. झांग शियाओलोउ त्यांच्यासोबत होते. रुग्णांच्या पापणीतील नमुने आधी उंदरांच्या मेंदूत टोचून पाहिले. हाती काही लागले नाही. मग त्यांनी कोंबडीच्या उबवणीतल्या अंड्यांचा आधार घेतला. खुपरीचा जंतू जिवंत पेशीच्या आतच वाढतो आणि अंड्यातील बलकाची पिशवी त्याला मानवते. अडचण एकच होती. रुग्णाच्या डोळ्यातून इतर जंतूही नमुन्यात येतात आणि अंडे नासवतात. त्यांना मारायला पेनिसिलिन वापरावे, तर त्याने खुपरीच्या जंतूचीही वाढ थांबते. स्ट्रेप्टोमायसिनने इतर जंतू आवरतात, पण खुपरीचा जंतू तगतो. हे गणित जुळले आणि 1955 मध्ये तो जंतू प्रथमच अंड्यात वाढला. त्या वाणाला टीई-8 असे नाव मिळाले.

जंतू अंड्यात वाढला, एवढ्याने मात्र शंका मिटत नव्हती. त्याच जंतूने माणसाला तोच आजार होतो आणि त्या डोळ्यातून तोच जंतू परत मिळतो, हे दाखवल्याशिवाय पुरावा पूर्ण होत नाही. नोगुचींची चूक उघड करताना तांग यांनी हीच कसोटी लावली होती. आता तीच त्यांनी स्वतःच्या शोधालाही लावली. 1957 सरता सरता त्यांनी अंड्यात वाढवलेला जंतू आपल्या डोळ्यात घालून घेतला. डोळा लाल झाला, सुजला, पापणीच्या आत दाणे उठले. औषध हाताशी होते, तरी आजाराचा क्रम नीट नोंदवता यावा म्हणून सुमारे 40 दिवस त्यांनी ते घेतले नाही. त्यांच्या डोळ्यातून तोच जंतू पुन्हा मिळाला.

ब्रिटिश संशोधकांनी 1958 मध्ये आफ्रिकेतील गाम्बियात याच पद्धतीने हा जंतू मिळवला आणि शोधावर शिक्कामोर्तब झाले. परंतु त्याच वर्षी चीनमध्ये नामवंत तज्ज्ञांविरुद्ध राजकीय मोहीम सुरू झाली. तांग यांच्यावर जाहीर सभांतून आरोपांची सरबत्ती झाली. तो अपमान त्यांना सोसला नाही. 30 सप्टेंबर 1958 रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. दोन दशकांनंतर त्यांच्यावरील कलंक पुसला गेला. 1981 मध्ये ट्रॅकोमाविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक दिले आणि 1992 मध्ये चीनने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

या जंतूला बराच काळ विषाणू मानले जाई. तो क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाचा जिवाणू आहे, हे पुढे स्पष्ट झाले. जंतू प्रयोगशाळेत वाढू लागल्याने त्याच्यावर कोणते औषध चालते, हेही नेमके तपासता आले. आज अझिथ्रोमायसिनची एक मात्रा किंवा टेट्रासायक्लिनचे मलम त्यावर उपयोगी पडते. आत वळलेली पापणी मात्र शस्त्रक्रियेनेच सरळ करावी लागते.

भारतात खुपरीविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम 1963 मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून ट्रॅकोमाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. औषधांइतकाच त्यात स्वच्छ पाण्याचा आणि धुतलेल्या चेहऱ्याचाही वाटा आहे, कारण हा जंतू बोटे, सामाईक टॉवेल आणि डोळ्यांवर बसणाऱ्या माश्यांमार्फत पसरतो. पापणीत दिसणारा प्रत्येक दाणा मात्र खुपरीचा नसतो. ॲलर्जीनेही मुलांच्या पापणीत मोठे दाणे उठतात, आणि उन्हाधुळीत काम करणाऱ्यांच्या बुबुळावर नाकाच्या बाजूने मांस वाढते, तो आजारही वेगळाच. प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. त्यामुळे डोळा सतत लाल राहत असेल, खुपत असेल, तर दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नयेत. अशा थेंबांनी लाली जाते, पण डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. नेत्रतज्ज्ञाकडून पापणी उलटून तपासून घ्यावी. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.