गेम बॉयचा बाप

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या! हॉस्टेलवर माझ्या रूम पार्टनरच्या टेबलावर लेगोचा गेम बॉय आहे. 2025 साली निघालेला, 421 तुकड्यांचा. कार्ट्रिज घालता-काढता येतं, पडद्यावरचं चित्र बदलतं, पण गेम काही खेळता येत नाही. दिवाळीच्या किल्ल्यासारखं, बनवायची मजा आणि मग नुसतं बघायचं. शोभेला मी दहापैकी नऊ देईन, खेळायला चार. यावरून आमचा वाद झाला आणि मी खरा गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांच्याबद्दल वाचून काढलं.

जन्म 1941, क्योटो. इलेक्ट्रॉनिक्स शिकून 1965 मध्ये निंटेंडोत लागले, ते पत्ते बनवायच्या मशिनींच्या देखभालीला! (प्लेसमेंटवाल्यांनो, धीर धरा.) फावल्या वेळात त्यांनी गंमत म्हणून एक लांबणारा हात बनवला. मालकांनी तो बघितला आणि विकायलाच काढला. 1966 चा तो 'अल्ट्रा हँड' दहा लाखांवर खपला.

पुढे ट्रेनमध्ये कॅल्क्युलेटरशी चाळा करणारा माणूस बघून 1980 चं 'गेम अँड वॉच' सुचलं. अधिकच्या चिन्हासारखं बटणही त्यांचंच. 1989 च्या गेम बॉयला मुद्दाम बिनरंगी, स्वस्त पडदा लावला. चार पेन्सिल सेलवर तासन्‌तास चालायचा, म्हणून रंगीत पडदेवाले मागे पडले. 1995 चा व्हर्च्युअल बॉय मात्र साफ आपटला. 1996 मध्ये त्यांनी कंपनी सोडली, पुढच्याच वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेले. वय 56.

पार्टनर म्हणतो, हात लावू नकोस. मी रोज कार्ट्रिज काढतो, परत घालतो.