कान्होजींची गुराब

कान्होजी आंग्रे यांचं एकही जहाज आज शिल्लक नाही. इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि सिद्दी या चौघांना ज्या आरमाराने तीस वर्षं स्वस्थ बसू दिलं नाही, ते सगळं लाकूड कधीच जळून, कुजून गेलं. आणि त्या काळचे आपल्याकडचे कारागीर जहाज बांधायचे ते डोळ्याच्या आणि हाताच्या अंदाजाने. प्लॅन, एलिव्हेशन, साइड व्ह्यू असली भानगड नाही. आपल्याला फर्स्ट इयरला ड्रॉइंग हॉलमध्ये जे रडवतं, त्याच्याशिवाय त्यांनी तोफा वाहणारी जहाजं समुद्रात लोटली.

गेलं दीड वर्ष सबमिशनमधून वेळ काढून मी अशा एका जहाजाचं, दोन डोलकाठ्यांच्या गुराबेचं, लाकडी मॉडेल करतोय. स्केल १:५०. तयार किट नाही, सगळं पहिल्या फळीपासून. पण हा लेख मॉडेलवर नाही, कान्होजींवर आहे. फक्त पुस्तकं वाचून जे कान्होजी मला कळले नव्हते ते लाकूड तासताना कळले, म्हणून मध्ये मध्ये भुसा उडणार. सांभाळून घ्या.

कान्होजींचा जन्म साधारण १६६९ चा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे झालं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. लहानपण हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाच्या आसपास गेलं, म्हणजे पोरगा भरती-ओहोटीच्या वेळा घड्याळाशिवाय सांगणारा. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार फितूर होऊन किल्ला सिद्दीला द्यायला निघाला, तेव्हा तरुण कान्होजींनी त्याला बाजूला सारून किल्ला राखला, अशी हकीकत परंपरेने सांगतात. १६८९ साली संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. वरून हुकूम यायचे तर ते शेकडो मैलांवरून. अशा वेळी किनारा ज्याने धरून ठेवला तो हा माणूस. पुढे राजाराम महाराजांकडून सरखेल हा किताब मिळाला आणि अलिबागचा कुलाबा किल्ला हे मुख्य ठाणं झालं.

आता माझं गाव. मी दातिवऱ्याचा. सफाळे स्टेशनला उतरायचं आणि तिथून खाली समुद्राकडे यायचं. वैतरणेच्या मुखाशी, उत्तर तीरावर आमचं गाव, पलीकडे अर्नाळा. गावात जुना कोट आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा मुलूख कान्होजींचा कधीच नव्हता. त्यांच्या हयातीत इथे वसईकर पोर्तुगीजांचा अंमल होता. अर्नाळा मराठ्यांकडे आला १७३७ मध्ये आणि वसई चिमाजी अप्पांनी घेतली १७३९ मध्ये. तोवर कान्होजींना जाऊन दहा वर्षं झाली होती. तरी कान्होजींचं जहाज समजायला आमची खाडी उपयोगी पडते. ओहोटीला इथे पाणी असं मागे जातं की होड्या चिखलात बसतात. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे. कुठून आत शिरायचं हे गावचा माणूसच जाणे. खोल बुडाचं जहाज इथे आणलं तर ते पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. थोड्याफार फरकाने अख्खं कोकण असंच आहे, खाडीमागून खाडी.

गुराब बांधली आहे ती नेमकी या पाण्यासाठी. तिचं सगळ्यात तपशीलवार वर्णन लिहून ठेवलं ते गंमत म्हणजे विरुद्ध पक्षातल्या माणसाने, ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने. त्याच्या पुस्तकाचा पहिला खंड १७६३ मध्ये आला. त्यावरून कळतं ते असं: दोन डोलकाठ्यांची गुराब जास्तीत जास्त दीडशे टनांची, तीन काठ्यांची साधारण तीनशे टनांची. तळ उथळ, पाणी फार कमी लागतं. लांबीच्या मानाने पोट चांगलंच रुंद, पण पोटापासून टोकाकडे ती निमुळती होत जाते आणि पुढे नेहमीच्या जहाजासारखी गोल छाती नसून लांब चोच असते. अरबीत गुराब म्हणजे कावळा. नाव तिथूनच आलं म्हणतात, आणि मॉडेल बाजूने बघितलं की पटतं.

या आकाराने माझा घाम काढला. कणा आणि आडवे छेद सहा मिलिमीटर प्लायवूडचे कापले, ते सोपं. पण वरून ज्या सागवानी पट्ट्या बसवायच्या, दीड मिलिमीटर जाड, त्या पोटावर ऐसपैस बसतात आणि चोचीकडे गेल्या की दाटी करतात. प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाला निमुळती तासायची, गरम पाण्यात भिजवायची, वाकवायची, सुकेपर्यंत चिमट्यात धरायची. एका संध्याकाळी दोन पट्ट्या झाल्या तर डोक्यावरून पाणी. कार्पेंट्री शॉपमधल्या काकांनी रंधा धरायला शिकवलं नसतं तर हे जहाज कॉलेजच्या भंगारातच गेलं असतं. तेव्हा मनात आलं, खऱ्या जहाजावर हीच कटकट पन्नास पट मोठ्या फळ्यांशी करावी लागली असणार. उगाच कोणी करत नाही. काहीतरी फायदा पक्का होता.

फायदा तोफांचा. साध्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना. मारायचं तर जहाज आडवं करावं लागतं, म्हणजे पाठलाग थांबला. गुराबेत मुख्य डेकवर, पुढच्या माचीखाली, आडव्या लाकडी भिंतीला दोन भोकं पाडून त्यातून दोन मोठ्या तोफा सरळ पुढे रोखलेल्या, नऊ किंवा बारा पौंडी. त्या चोचीवरून मारा करतात. कुशीच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. नऊ पौंडी गोळा म्हणजे चार किलोचा, व्यास साधारण दहा सेंटिमीटर. माझ्या स्केलला दोन मिलिमीटर, एक मोहरीचा दाणा.

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी. अशी एक तोफ टनाच्या वर. १:५० ला वजन सव्वा लाखाने भागायचं, म्हणजे दहा ग्रॅम धरा. सांगाडा वॉटरप्रूफ झाल्यावर हॉस्टेलच्या टबात सोडला आणि दहा-दहा ग्रॅमची दोन शिसं चोचीच्या टोकावर ठेवली. नाक खाली गेलं. तीच शिसं उचलून भिंतीमागे, जिथे पोट रुंद व्हायला लागतं तिथे ठेवली, तर जहाज जवळजवळ सपाट. व्हायवाला मोमेंटची व्याख्या विचारतात ती हीच. निमुळत्या चोचीला पाण्याचा आधार कमी, म्हणून समोरून लाट आली की गुराब जोरात डुबक्या मारते. त्यावरही उपाय केलेला आहे: चोचीच्या डेकला कठडेच नाहीत. आलेलं पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जातं.

आणि लढाईची रीत. आठ-दहा गुराबा, चाळीस-पन्नास गलबतं. गलबत म्हणजे त्याच जातीचं लहान जहाज, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, ताशी चार मैल जाणारं. सावज दिसलं की दोर सोडून बाहेर. वारा असेल तर शिडांवर. वारा पडला तर गलबतं वल्हवत गुराबांना ओढून नेत, आणि त्याच वेळी युरोपीय जहाज शिडं लोंबकळत जागच्या जागी उभं. मग सगळ्यांनी त्याच्या पाठीमागे जमायचं, कारण जहाजाची पाठ सर्वांत दुबळी, तोफा कमी. पहिला मारा डोलकाठ्यांवर, आणि तोही नेम धरून: मागून बघताना तीनही काठ्या जवळजवळ एका रेषेत दिसल्या की बत्ती. एकीवरून चुकला तर दुसरीला लागेल. काठी पडली की जहाज लंगडं. मग गलबतांतून माणसं चढवायची. हे वाचल्यावर मी मॉडेलच्या त्या दोन भोकांतून बराच वेळ बघत बसलो होतो.

या बळावर कान्होजींनी एक साधा नियम लावला. या किनाऱ्यावरून माल न्यायचा तर आमचा दस्तक घ्या, पैसे भरा. नाही घेतला तर जहाज जप्त. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं, आणि बरीच पुस्तकं पुढे तेच गिरवत राहिली. पण पोर्तुगीज दीडशे-दोनशे वर्षं समुद्रावर हेच परवाने विकत होते, इंग्रजही आपले पास देत होते. फरक एवढाच की मागणारा आता इथला होता. त्यांना संत करायचं कारण नाही. व्यापाऱ्यांना जाच होता, कैद्यांचे हाल होत, खंडणी घेतली जाई. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाच कान्होजींच्या लोकांनी धरली. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्यात मारला गेला, त्याची तरुण बायको कैद झाली आणि तीस हजार रुपये घेऊन पुढच्या वर्षी सुटली. त्या बाईच्या जागी उभं राहून बघितलं तर चाचा हा शब्द खोटा वाटणार नाही. तरीही ज्याच्याशी पैसे मोजून तह करावा लागतो, तो नुसता लुटारू नसतो, असं माझं मत.

राजकारणातही ते कच्चे नव्हते. शाहू आणि ताराबाई यांच्या भांडणात ते आधी ताराबाईंकडे. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं! मग बाळाजी विश्वनाथ आले, बोलणी झाली. कान्होजी शाहूंच्या बाजूला आले ते सरखेली आणि किल्ले स्वतःकडे ठेवून.

यानंतर मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून हात धुवून मागे लागला. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला, फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर, तोही फसला. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग, आणि या वेळी इंग्रजांनी खास सपाट बुडाची, जाड भिंतींची, मोठ्या तोफांची एक तरंगती तोफखाना-होडी बांधून आणली. म्हणजे उथळ पाण्याचा धडा त्यांनीही गिरवला होता. पण ती ओढून न्यावी लागणारी पेटी होती, गुराब नव्हे. काही साधलं नाही. १७२१ च्या अखेरीला इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा कमोडोर मॅथ्यूज आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. मराठी फौज मदतीला आली, हल्ला मोडला, आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून तह करून टाकला. १७२४ मध्ये डच विजयदुर्गावर येऊन तसेच परत गेले.

मग अशा माणसाने खोल समुद्रात झेप का घेतली नाही, असं रूममेटने विचारलं. उत्तर टबातच आहे. मोठ्या लाटेत ही चोच डुबक्या मारते, उथळ बुडामुळे वाऱ्याविरुद्ध जहाज आडवं घसरतं. खोल पाण्यात ती इंग्रजी जहाजापुढे टिकत नाही, आणि इंग्रजी जहाज खाडीत तिच्यापुढे टिकत नाही. कान्होजींनी आपलं पाणी ओळखलं होतं आणि तेवढ्यात ते अजिंक्य राहिले. ४ जुलै १७२९ रोजी ते वारले. समाधी अलिबागला आहे.

पुढचं फार सांगवत नाही. मुलांत वाटण्या झाल्या, मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेला. नंतर तुळाजीचं आणि पेशव्यांचं वितुष्ट इतकं वाढलं की पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या खाडीत शिरून तुळाजीचं आरमार जाळलं. जी खाडी चाळीस वर्षं त्यांना मिळत नव्हती, ती आपल्याच माणसांच्या साथीने मिळाली. १९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला आयएनएस आंग्रे हे नाव दिलं. १९९९ मध्ये पोस्टाचं तिकीट निघालं.

माझ्या गुराबेचं पोट आणि चोच पूर्ण आहे, दोन तोफा पितळी सळीतून लेथवर कातून झाल्या. आता डोलकाठ्या, शिडं आणि दोऱ्या राहिल्यात. गाठी मारणं हे आमच्या गावच्या म्हाताऱ्यांचं काम, तर दिवाळीत मॉडेल खोक्यात घालून दातिवऱ्याला नेणार आहे. तोपर्यंत ते माझ्या खोलीत कपाटावर आहे. बघायला या, चोचीला हात लावू नका.