छायाप्रकाशाचा उपासक

सृष्टी रंगांनी नटलेली आहे. आकाश निळे, अरण्य हिरवे, संध्याकाळचे ढग तांबूस. हे सारे रंग काढून घेतले आणि केवळ काळा, पांढरा व त्यांच्यामधील करड्या छटा एवढेच हाती ठेवले, तर सृष्टीची शोभा चित्रात उतरेल काय? उतरेल, परंतु त्यासाठी पाहणाऱ्याची दृष्टी तयार असावी लागते. ही दृष्टी ज्यांनी दीर्घ साधनेने मिळवली, त्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचे हे चरित्र आहे.

अ‍ॅन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला. तो चार वर्षांचा असताना, १९०६ साली, त्या शहरास भूकंपाचा भयंकर हादरा बसला. पाठोपाठ आलेल्या एका धक्क्याने लहानगा अ‍ॅन्सेल बागेच्या भिंतीवर आदळला आणि त्याचे नाक मोडले. ते जन्मभर वाकडेच राहिले. मुलगा मोठा चळवळ्या होता. वर्गात एका जागी बसणे त्याला जमेना. शाळा बदलून पाहिल्या, पण कोठेच त्याचे मन रमेना. अखेर वडिलांनी त्याला शाळेतून काढले व घरीच शिकवण्यास आरंभ केला. १९१५ साली शहरात जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा वडिलांनी त्यास वर्षभराचा परवाना काढून दिला. रोज प्रदर्शन पाहणे हाच त्याचा त्या वर्षीचा अभ्यास! याच सुमारास त्याला पियानोचा नाद लागला. ज्या मुलाला घटकाभर स्वस्थ बसवत नसे, तो आता तासन् तास एकेक स्वर घोटू लागला. आपण मोठे वादक व्हावे, ही त्याची आकांक्षा होती.

१९१६ साली तो आईवडिलांबरोबर योसेमिटी खोऱ्यात गेला. उंचच उंच कडे, कोसळणारे धबधबे आणि पाइन वृक्षांची दाट राई पाहून तो चौदा वर्षांचा मुलगा भारावून गेला. तेथेच आईवडिलांनी त्याला एक साधा पेटी-कॅमेरा दिला. त्यानंतर तो दरवर्षी त्या डोंगरांत जाऊ लागला. हिवाळ्यात पियानो आणि उन्हाळ्यात पहाड, असा त्याचा क्रम ठरून गेला.

पुढे १० एप्रिल १९२७ हा दिवस उजाडला. हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्याचे चित्र घेण्यासाठी अ‍ॅडम्स काही स्नेह्यांसह बर्फातून चढून गेले. पाठीवर जड कॅमेरा होता. त्या काळी चित्र काचेवर उमटवीत. अशा बारा काचा त्यांनी बरोबर घेतल्या होत्या. वाटेत बऱ्याच खर्ची पडल्या. कड्यासमोर पोहोचले, तेव्हा दोनच काचा उरल्या होत्या. कड्याचा दर्शनी भाग अजून सावलीत होता. अ‍ॅडम्स थांबले. दुपार कलल्यावर ऊन तिरपे होऊन कड्यावर पसरू लागले, तेव्हा त्यांनी भिंगापुढे पिवळी काच लावून एक चित्र घेतले.

पण लगेच त्यांच्या मनात शंका आली. या चित्रात आकाश फिकट करडे दिसेल. कडा नेमका दिसेल. परंतु त्याच्यापुढे उभे राहिल्यावर जो दरारा वाटतो, तो चित्रात कोठून येणार? आता एकच काच उरली होती. ती चुकली, तर सारी चढण व्यर्थ! अ‍ॅडम्स यांनी पिवळी काच काढून गडद तांबडी काच लावली. तांबडी काच आकाशाचा निळा प्रकाश अडवते. त्यामुळे निळे आकाश चित्रात काळेभोर उमटते. त्यांनी शेवटची काच प्रकाशास दिली. त्या चित्रात जवळजवळ काळ्या आकाशाला भिडलेला तो कडा आणि त्यावरील शुभ्र बर्फ अशा काही तेजाने प्रकटले, की पाहणारा क्षणभर स्तब्ध व्हावा. कळ दाबण्यापूर्वीच संपूर्ण चित्र मनात पाहिले पाहिजे, हा धडा अ‍ॅडम्स त्या दिवशी शिकले व जन्मभर विसरले नाहीत.

तरीही पियानो की कॅमेरा, हा प्रश्न सुटला नव्हता. १९३० साली पॉल स्ट्रँड या छायाचित्रकाराची निगेटिव्ह त्यांनी पाहिली आणि त्यांचा निश्चय झाला. इतक्या वर्षांचे संगीत मागे ठेवणे सोपे नव्हते. पण संगीताची शिस्त त्यांनी सोडली नाही. १९४० च्या सुमारास फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी छटांची एक शिडीच तयार केली. निव्वळ काळा म्हणजे शून्य, निव्वळ पांढरा म्हणजे दहा, अशा तिच्या अकरा पायऱ्या होत्या. समोरच्या देखाव्यातील कोणता भाग कोणत्या पायरीवर यावा, हे आधी ठरवायचे आणि मग भिंग किती वेळ उघडे ठेवावे, याचा हिशेब करायचा. गवयाला जसे स्वरस्थान, तसे छायाचित्रकाराला हे छटेचे स्थान!

या अभ्यासाची कसोटी १९४१ सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी लागली. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्याजवळून ते मोटारीने जात होते. पूर्वेला चंद्र वर आला होता आणि मावळत्या सूर्याचे किरण स्मशानातील पांढऱ्या क्रुसांवर पडले होते. अ‍ॅडम्स यांनी गाडी थांबवून घाईघाईने कॅमेरा उभारला; पण प्रकाश मोजण्याचे यंत्र काही केल्या सापडेना. चंद्राच्या तेजाचे माप मात्र त्यांना पाठ होते. त्यावरून मनातच हिशेब करून त्यांनी चित्र घेतले. दुसरे घेण्याची तयारी करतात न करतात, तोच क्रुसांवरचे ऊन नाहीसे झाले. विशाल काळे आकाश, त्यात लहानसा चंद्र आणि खाली विसावलेले गाव, अशी त्या चित्राची रचना आहे. वर मोकळी जागा एवढी सोडली आहे, म्हणूनच त्या संध्याकाळची शांतता मनाला भिडते.

काम तेथेच संपले नाही. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली रचना आणि तिच्यावरून कागदावर उतरवलेले चित्र म्हणजे प्रत्यक्ष मैफल, असे अ‍ॅडम्स मानीत. अंधाऱ्या खोलीत कागदावर प्रकाश पाडताना ते एखाद्या भागावर हाताची सावली धरून तो उजळ ठेवीत, तर दुसऱ्यास अधिक प्रकाश देऊन गडद करीत. हर्नांडेझच्या चित्राच्या हजाराहून अधिक प्रती त्यांनी अशा काढल्या आणि तरीही तिच्यात सुधारणा करण्याचे थांबवले नाही.

ज्या पहाडांनी आपणांस दृष्टी दिली, त्यांचे ऋण ते विसरले नाहीत. किंग्ज कॅन्यन हा प्रदेश सुरक्षित राहावा, म्हणून १९३६ साली आपली चित्रे घेऊन ते वॉशिंग्टनला गेले व लोकप्रतिनिधींना भेटले. १९४० साली तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. १९८० साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांना स्वातंत्र्यपदक देऊन गौरवले. २२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी योसेमिटीच्या परिसरातील एका शिखरास त्यांचे नाव देण्यात आले.

कॅमेरा पुष्कळांजवळ असतो. परंतु योग्य प्रकाशासाठी थांबणे, आधी मनात चित्र पाहणे आणि हाती आलेले चित्र पुन्हा पुन्हा सुधारणे, हे ज्याला साधते, त्याला केवळ काळ्या-पांढऱ्या छटांतही साऱ्या सृष्टीचे वैभव सापडते.