रस्त्यांचा विचार करणारे जयकर

मुलांनो, तुम्ही ज्या रस्त्याने शाळेत येता, त्यासाठी पैसा कोठून येतो? या प्रश्नाचे उत्तर बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी शोधले.

जयकरांचा जन्म १८७३ साली झाला. मुंबईचे हे नामवंत वकील पुढे केंद्रीय कायदेमंडळावर निवडून गेले. त्या काळी मोटारी वाढत होत्या. रस्ते मात्र खराब होत होते. दुरुस्तीला पैसा पुरत नव्हता.

१९२७ साली कायदेमंडळाच्या सभासदांची रस्ते समिती नेमली गेली. जयकर तिचे अध्यक्ष होते. पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो रस्त्यांवरच खर्च करावा, असे समितीने सरकारला सुचवले. त्यातूनच १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला.

जयकर १९५९ साली वारले. पण लोकांचा पैसा ठरल्या कामालाच लागावा, ही त्यांची शिकवण तुम्ही विसरू नका.