चित्रकार चंद्रकांत मांडरे : एक अनुकरणीय उत्तरायुष्य

उदरनिर्वाहासाठी पत्करलेला व्यवसाय आणि अंतःकरणाची आवड यांचा मेळ प्रत्येकाच्या आयुष्यात बसतोच असे नाही. बहुतेकांची आवड संसाराच्या धबडग्यात विझून जाते आणि निवृत्तीनंतर हाती उरतो तो केवळ रिकामा वेळ. ज्यांनी आपली आवड भर कीर्तीच्या काळातही विझू दिली नाही, अशा एका कलावंताचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. ते कलावंत म्हणजे कोल्हापूरचे चंद्रकांत मांडरे होत.

त्यांचे मूळ नाव गोपाळ तुकाराम मांडरे. जन्म १३ ऑगस्ट १९१३ चा. त्या काळचे कोल्हापूर ही कलावंतांची नगरीच होती. आबालाल रहिमान हे थोर चित्रकार रंकाळा आणि कोटितीर्थ यांच्या परिसरात बसून निसर्ग रंगवीत. १९३१ साली ते निवर्तले. बाबूराव पेंटर तर चित्रकला आणि चित्रपट या दोन्ही प्रांतांत अधिकाराने वावरत होते. त्यांच्या सहवासात तरुण गोपाळास कुंचल्याची गोडी लागली.

परंतु दैवाने त्यांच्यासाठी निराळीच वाट आखली होती. भारदस्त व्यक्तिमत्त्वामुळे चित्रपटसृष्टीने त्यांना आपलेसे केले आणि गोपाळचे चंद्रकांत झाले. प्रभातचा ‘शेजारी’ (१९४१), भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) अशा चित्रपटांतून ते घरोघरी पोहोचले. त्यांनी साकारलेले शिवछत्रपती तर अनेकांच्या मनात कायमचे ठसले. धाकटे बंधू सूर्यकांत हेही तितकेच लोकप्रिय नट झाले.

एवढी कीर्ती मिळाल्यावर दुसऱ्या कोणी कुंचला अडगळीत टाकला असता. चंद्रकांतांनी तसे केले नाही. नटाचे रूप वयाबरोबर ओसरते. हाताचे कसब मात्र जपले तर वाढतच जाते. उत्तरायुष्यात त्यांनी निसर्गचित्रणाचाच ध्यास घेतला. जलरंग आणि तैलरंग यांबरोबरच कोरडी पूड कागदावर घासून छायाप्रकाश साधण्याची, ‘पावडर शेडिंग’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत त्यांनी विशेष आत्मसात केली. चेहऱ्यास रंग लावून ज्यांनी लोकांना रिझविले, तेच आता झाडे, पाणी आणि आकाश रंगविण्यात रमले.

त्यांच्या चरित्राचा कळस पुढेच आहे. राजारामपुरीतील आपल्या वास्तूस त्यांनी ‘निसर्ग’ असे नाव दिले होते. ती वास्तू आणि आयुष्यभराची चित्रसंपदा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केली. तेथेच त्यांच्या नावाचे कलासंग्रहालय उभे राहिले. १७ फेब्रुवारी २००१ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

हे लिहिताना एक गोष्ट मनास बोचते. परीक्षा जवळ आली की मी चित्रकलेचा तास काढून घेऊन त्यात गणिते सोडवून घेत असे. मुलांचे हित त्यातच आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्या तासांत किती जणांची आवड मी कोमेजविली असेल, याचा हिशेब आता कोण मांडणार?

आपल्या नागपुरात अंबाझरीच्या आणि फुटाळ्याच्या काठी रोज सकाळी माझ्यासारखी अनेक निवृत्त मंडळी फिरावयास येतात. पाणी, झाडे आणि उगवता सूर्य तेथेही आहेत. चंद्रकांतांइतके यश सर्वांना लाभणार नाही, हे खरे. परंतु त्यांनी साठीत प्रथमच कुंचला उचलला नव्हता. तो कधी खालीच ठेवला नव्हता. म्हणून पालकांना एवढीच विनंती, की मुलांच्या अभ्यासाची काळजी अवश्य वाहावी, पण त्यांच्या हातची रंगपेटी काढून घेऊ नये. म्हातारपणी तीच त्यांना सोबत करील.